लिंबावरची मुंबई

खंडेराव मोजाडांनी रेडिओवरची रजई काढली, तिची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बैठकीत जमलेल्या माणसांकडे असं पाहिलं, की ज्याला खोकायचं होतं त्याने खोकला गिळून टाकला.

"मुंबई बोलत असताना कुणी बोलायचं नाही," ते म्हणाले. "तिकडे ऐकू जातं."

तिकडे काही ऐकू जात नाही हे खंडेरावांना पक्कं ठाऊक होतं. पण नाशकातल्या पिंजारघाटावरचा हा एकुलता एक रेडिओ, आणि एकुलत्या एका वस्तूचा मालक थोडं खोटं बोलला तर लोक चालवून घेतात. जंगलखात्यात हेडक्लार्क म्हणून त्यांची हयात गेली होती. आपल्याला विचारल्याशिवाय पेठ तालुक्याच्या जंगलात सागाचं पानही गळत नसे, असं ते सांगत. पेन्शन झाली आणि हुकूम सोडायला कुणी उरलं नाही. घरात चिमणाबाई होत्या, पण त्यांनी हुकूम ऐकायचं लग्नाच्या पहिल्याच वर्षी बंद केलं होतं. मग खंडेरावांनी रेडिओ आणला. हा मात्र कान पिळला की बोलायचा आणि कान पिळला की गप्प व्हायचा. असं माणूस त्यांना उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

रेडिओच्या जोरावर त्यांनी गल्लीला शिस्त लावली होती. सकाळच्या सनईला येणाऱ्याने आंघोळ करून यायचं. भजनाला टोपी हवी. बाजारभावाला फक्त व्यापारी. इंग्रजी बँड लागला की ज्याला इंग्रजी येत नाही त्याने घरी जायचं, म्हणजे मग खंडेराव एकटेच उरत आणि बँड संपेपर्यंत डोळे मिटून बसत. बायकांचा कार्यक्रम असला की बायकांनी ओट्यावर बसून खिडकीतून ऐकायचा. वाटल्या डाळीचं प्रमाण ऐकू आलं, की खिडकीबाहेरून शेजारची कुसाबाई ओरडे, "अगं बाई, एवढं मीठ? ही मुंबईची बाई माणसं मारील!" आणि खंडेराव आतून "श्श्!" करत.

त्या दिवशी सनई रंगात आली होती. समोरचा किराणावाला मान डोलवत होता.

"वा, खंडेराव! तंबोरा काय सुरेल लागलाय!"

खंडेरावांनी कान दिला. सनईमागे खरोखरच टंण… टंण… असा सूर येत होता. पण तो मुंबईहून येत नव्हता, परसातून येत होता. पलीकडच्या अंगणात गुलजारबी पिंजारीण कापूस पिंजत होती.

"मागचा तंबोरा बंद करून येतो," असं पुटपुटत खंडेराव उठले.

आता या गुलजारबीची आणि रेडिओची सोयरीक सांगायला हवी. रेडिओ आणला तेव्हा पहिले चार दिवस त्याच्या पोटातून नुसती जोंधळा भाजल्यासारखी तडतड ऐकू आली होती. दुकानदार म्हणाला, दोन तारा लागतात. एक उंचावर ताणायची, एक ओल्या जमिनीत गाडायची. जमीन जितकी ओली तितका आवाज मोकळा. खंडेरावांच्या घराला उंच असं काही नव्हतं आणि अंगणात सगळी फरशी. गुलजारबीच्या अंगणात मात्र दोन्ही होतं. आभाळात गेलेला कडुलिंब, आणि त्याच्या बुंध्याशी कपडे धुवायची, बारा महिने ओली असणारी मोरी.

गुलजारबीचा नवरा शफी वारला तेव्हा बिरादरीने म्हटलं होतं, बाईने सुई-दोरा धरावा, पिंजण बाईचं काम नाही. गुलजारबीने सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची पिंजायची कमान खुंटीवरून काढली. तिच्या गाद्यांत पुढे कुणाला गाठ सापडली नाही, म्हणून बोलणारे हळूहळू गप्प झाले. खंडेराव लिंबासाठी विनवायला आले तेव्हाही तिने सगळं ऐकून घेतलं होतं.

"तार बांधा. मोरीतही गाडा," ती म्हणाली होती. "पण माझी सलिमा मुंबईला एका बाईंपाशी गाणं शिकते. कधीतरी ती यात गाईल. त्या दिवशी मी ओट्यावर बसणार नाही. आत बसणार, खुर्चीवर. कबूल?"

"कबूल! पहिली खुर्ची तुमची," खंडेराव म्हणाले होते, आणि वर चिमणाबाईंना साक्षीला बोलावलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं, पिंजारणीची पोर कुठली मुंबईच्या केंद्रावर गातेय! सलिमा लग्न होऊन मुंबईला गेली त्याला बरेच दिवस झाले होते. गाडीभाड्याची जुळणी होत नव्हती आणि मध्ये सलिमाचं बाळंतपण आलं, म्हणून भेट झाली नव्हती. आईने लेकीचा आवाज शेवटचा ऐकला तो नाशिकरोडच्या फलाटावर, आणि तोही गाडीच्या शिट्टीत बुडालेला.

आणि आज संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, सलिमा गाणार होती. मुंबईहून आलेल्या बांगडीवाल्या मणियाराने निरोप आणला होता. वर्तमानपत्रातही आलं होतं. गुलजारबीने पेटीतला हिरवा शालू काढून उन्हात टाकला होता.

"गुलजारबी, कमान जरा थांबवा. सनई चाललीय," खंडेराव कुंपणापाशी येऊन म्हणाले.

"चालू द्या की. माझी काही तक्रार नाही."

"आणि… संध्याकाळचं जरा सांगायचं होतं." खंडेरावांनी घसा साफ केला. "आज रावसाहेब यायचेत. गंगापूर रस्त्याचे. त्यांना दिल्ली ऐकायचीय. ग्रामसुधारणेवर मोठ्या साहेबांचं भाषण आहे. वेळ तीच पडतेय. तेव्हा आज मुंबई लागणार नाही. सलिमाचं पुढच्या खेपेला ऐकू."

कमान थांबली. कापसाचे पुंजके हवेत तरंगत राहिले.

"पुढच्या खेपेला म्हणजे?"

"गाईलच की पुन्हा कधीतरी."

"खंडेरावभाऊ, तुम्ही कबूल म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. पण रावसाहेब काही रोज येत नाहीत. शाळा कमिटीवर माझं नाव सुचवायचं त्यांच्या मनात आहे. तुम्ही शहाण्या बाई आहात. समजून घ्या."

शहाण्या बाईने समजून घेतलं. तिने कमान भिंतीला टेकवली, ओढणीने केसांतला कापूस झटकला आणि शांतपणे विचारलं, "दिल्लीसुद्धा माझ्याच लिंबावरून येते ना?"

खंडेरावांना हा प्रश्न आवडला नाही. ते सनईकडे परतले.

दुपारी बैठकीत कांद्याचे दोन व्यापारी येऊन बसले. वैशाखातली दुपार, अंगाची काहिली होत होती, तरी दोघे कानांत प्राण आणून ऐकत होते. गव्हाचा भाव झाला, हरभऱ्याचा झाला, गुळाचा झाला. मुंबईचा माणूस म्हणाला, "कांदा—" आणि रेडिओ मुका झाला.

"कांदा काय?" एक व्यापारी ओरडला.

"कांदा वर का खाली?" दुसऱ्याने रेडिओला दोन्ही हातांनी धरलं. "अहो, माझी वखार भरलीय! सांगा की!"

खंडेराव धावत परसात गेले. लिंबाला शिडी लावलेली होती आणि गुलजारबी वरून उतरत होती. तार जमिनीवर वेटोळं होऊन पडली होती. तार जिच्यात ओवलेली असते ती चिनीमातीची गोटी गुलजारबीने ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकली होती.

"हे काय चालवलंय?"

"लिंब मोकळा केला. झाड थकलं असेल बिचारं. दिल्लीचं भाषण जड असतं म्हणतात."

"आधी तार बांधा! आत व्यापारी बोंब मारतायत!"

"सलिमा लावणार असाल तर बांधते."

"ते शक्य नाही!"

"मग लिंबही शक्य नाही. आणि मोरीतली तार आहे तिथे असू द्या, मी हात लावणार नाही. पण आजपासून मी धुणं गंगेवर नेणार आहे. मोरी सुकली तर माझ्याकडे येऊ नका."

एवढं बोलून ती धुण्याचं बोचकं डोक्यावर घेऊन खरोखरच गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, निघून गेली. मोरी सुकवायचं काम वैशाखाच्या उन्हाने हाती घेतलं.

खंडेराव हरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कौलांवर बांबू उभा केला आणि त्याला तार बांधली. तिथे एक कावळा येऊन बसला आणि बांबू कावळ्यासकट खाली आला. जमिनीतल्या तारेसाठी त्यांनी ओली माती शोधली. ती घरात एकाच ठिकाणी होती. ते तार घेऊन तुळशीवृंदावनाकडे निघाले तोच चिमणाबाई आडव्या आल्या.

"खबरदार! माझ्या तुळशीत तार खुपसाल तर! उद्या मी पूजेला बसले आणि तुळस इंग्रजी बोलायला लागली तर काय करू?"

"अगं, तुळशीला काही होत नाही. मग दोन तांबे पाणी तरी दे, तिकडे मोरीत ओततो."

"प्यायचं पाणी आहे. नळ सकाळी येतो. मातीत घालायला माझ्याकडे थेंब नाही." चिमणाबाईंनी रांजणावर झाकण ठेवलं आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. "आणि एक सांगते. तुम्ही कबूल म्हणालात तेव्हा साक्षीला मला बोलावलं होतंत. विसरला असाल, म्हणून आठवण केली."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"साक्षीदाराच्या."

घरातच फितुरी झाल्यावर खंडेरावांनी डोक्यावर टोपी घातली आणि दूधबाजार गाठला. तिथे शफीच्या धाकट्या भावाचं, जमीलचं गाद्यांचं दुकान होतं. लिंबाचं अंगण दोघा भावांचं सामाईक होतं. शिवाय सलिमाने गाणं शिकायला घेतल्यापासून जमील भावजयीशी नीट बोलत नव्हता, हेही सगळ्या घाटाला ठाऊक होतं.

"जमीलभाई," खंडेराव म्हणाले, "आज तुमच्या पुतणीचं गाणं अख्ख्या गल्लीला ऐकवायचं भाबींच्या मनात आहे. मी म्हणतो, त्यापेक्षा दिल्लीचं भाषण लावू. तुम्ही फक्त तार बांधून द्या."

जमील मोजपट्टी टाकून उठला. त्याला भाषणाचं काही नव्हतं. पण दिल्ली लागली तर मुंबई लागत नाही, एवढं गणित त्याला समजलं.

तो अंगणात आला तेव्हा गुलजारबी शालूची घडी मोडत होती.

"भाबी, मी तार बांधतोय."

"बांध. अर्धा लिंब तुझा आहे. तुझ्या अर्ध्याला बांध."

"तुम्हाला काही वाटत नाही? आपल्या घरातल्या मुलीचा आवाज परक्या माणसांनी ऐकायचा? पडदा म्हणून काही आहे का नाही?"

गुलजारबी हसली. "अरे वेड्या, ती बसलीय मुंबईत आणि ऐकणारे बसलेत नाशकात. मध्ये सगळा कसारा घाट आहे. याहून जाड पडदा तुझ्या दुकानात मिळतो का?"

उत्तर सुचलं नाही की माणूस शिडी चढतो, तसा जमील चढला. वर गेल्यावर कळलं, तार ओवायची गोटी नाही. ती भाबीच्या ओढणीत. मग त्याने तारेच्या टोकाला सुतळी बांधली, एका फांदीवर बैठक मारली, सुतळीला हाताने ताण दिला आणि खाली ओरडला, "खंडेराव, आता बघा!"

आतून खंडेरावांचा आवाज आला, "थोडं वर! अजून! हां! असंच धरून ठेवा!"

"किती वेळ?"

"भाषण संपेस्तोवर!"

जमीलने हे ऐकून खाली पाहिलं. गुलजारबी शिडी उचलून चालली होती.

"भाबी! शिडी!"

"कुसाबाईच्या कौलांवर पापड वाळत घातलेत. तिला पाहिजे होती. तू तर बसलाच आहेस."

सूर्य गोदावरीपलीकडे कलला तेव्हा टांगा घाटावर थांबला. रावसाहेब उतरले. पांढऱ्या मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि ज्याला गेली कित्येक वर्षं रोज कुठल्या ना कुठल्या समारंभात हार घालून बसवण्यात आलंय अशा माणसाचा थकलेला चेहरा. खंडेरावांनी त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला, पन्हं दिलं. मग रजई काढून घडी केली आणि कान पिळला.

रेडिओ तडतडला. पुन्हा जोंधळा भाजायला लागला.

"दिल्ली लांब आहे," खंडेराव म्हणाले. "येईलच."

दिल्ली येईना. खंडेरावांनी कान अलीकडे पिळला, पलीकडे पिळला. परसात जाऊन "जमीलभाई, वर!" म्हणून ओरडून आले. "आता वर म्हणजे आभाळ आहे!" असं लिंबातून उत्तर आलं. लिंबाचा दोष नव्हताच. मोरी ठणठणीत कोरडी पडून तिला भेगा गेल्या होत्या.

"काय भानगड आहे?" रावसाहेबांनी विचारलं.

"काही नाही, रावसाहेब. जमिनीतली तार जरा… तहानलीय."

"तार तहानलीय?" रावसाहेबांचे डोळे त्या दिवसात पहिल्यांदा नीट उघडले. "कुठे आहे? बघू बरं."

"अहो, तुम्ही कशाला! तिकडे मोरी आहे—"

पण रावसाहेब गळ्यातल्या हारासकट परसात पोचलेसुद्धा. तिथे हिरवा शालू नेसून, डोक्यावर पदर घेऊन गुलजारबी मोरीच्या काठावर बसली होती. शेजारी पाण्याने भरलेलं घंगाळं आणि तांब्या. वर झाडात एक माणूस सुतळी धरून बसला होता. रावसाहेबांनी आजवर पुष्कळ उद्घाटनं केली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं.

"बाई, रेडिओची तार ती हीच का?"

"हीच, साहेब. इथे पाणी पडलं की तो आत बोलतो. पाणी थांबलं की गप्प."

"खरं सांगता?"

गुलजारबीने एक तांब्या ओतला. भेगांनी पाणी पिऊन टाकलं, आणि आतून रेडिओतला कुणीतरी दोन शब्द बोलून थांबला.

"बोलला!" रावसाहेब म्हणाले. "अहो, बोलला की! द्या, मला द्या तो तांब्या."

"रावसाहेब, तुमचे कपडे…" खंडेराव मध्ये पडले.

"कपडे राहू द्या हो! काठी धरा ही."

गुलजारबीने तांब्या रावसाहेबांच्या हातात दिला. "पण एक आहे, साहेब. घंगाळं भरलंय, काळजी नाही. धार मात्र बारीक ठेवायची आणि तोडायची नाही."

"नाही तोडणार."

"शब्द?"

"शब्द!"

रावसाहेबांनी बाह्या सारल्या, धोतर वर खोचलं आणि मोरीपाशी उकिडवे बसून धार धरली. गुलजारबी उठली. दिल्ली, मुंबई काहीही न बोलता ती खंडेरावांच्या मागच्या दारातून आत गेली, बैठकीत आली आणि पहिल्या खुर्चीवर बसली. तिच्यामागून ओट्यावरच्या बायका आत आल्या. कुसाबाई तर थेट गादीवर बसली. रेडिओपाशी चिमणाबाई उभ्या होत्या. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांनी नवऱ्याच्या एखाद्या लाडक्या वस्तूचा कान पहिल्यांदाच पिळला, आणि त्यांचा चेहरा पाहून वाटलं, की त्यांना हे कधीपासूनचं करायचं होतं.

खंडेराव हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन दारात येऊन थांबले. मागे परसात रावसाहेब, पुढे खुर्चीत गुलजारबी. आरडाओरडा करावा तर रावसाहेबांना ऐकू जाणार. आणि हे ऐकू जाणं खरंखुरं होतं.

"अगं, दिल्ली…" ते चिमणाबाईंच्या कानाशी कुजबुजले.

"श्श्!" चिमणाबाई म्हणाल्या. "मुंबई बोलतेय. तिकडे ऐकू जातं."

रेडिओतला माणूस स्वच्छ आवाजात म्हणाला, की आता काही घरगुती गीतं सादर करतील सलिमा नाशिककर.

बैठकीत कुणीतरी श्वास आत ओढला. सलिमा मुंबईत राहत होती, सासर भिवंडीकडचं होतं, आणि नाव सांगताना पोरीने नाशिककर सांगितलं होतं. खंडेरावांची मानसुद्धा त्यांच्या नकळत ताठ झाली. ढोलक वाजली आणि मागून आवाज आला, थोडा घोगरा, भीतीने पहिल्या ओळीला जरासा कापलेला.

*रुई उडे अंगनेमें, मैं कैसी पकडूं माय,*
*एक मुठ्ठी हात आई, बाकी उडती जाय…*

हे गाणं कुठल्या बाईंनी शिकवलेलं नव्हतं. सलिमा लहान असताना कापसामागे अंगणभर पळायची, तेव्हा पिंजता पिंजता गुलजारबीनेच ते जोडलं होतं. कमानीच्या ठेक्यावर. आता ढोलकवाला मुंबईत बसून तोच ठेका देत होता. टंण… टंण… गुलजारबीचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप पडायला लागला. तिला रडू आलं. ते तिने पुसलं नाही, लपवलंही नाही. आपण पहिल्या खुर्चीवर बसलोय आणि आपली लेक गातेय, एवढंच तिला त्या वेळी ठाऊक होतं. चिमणाबाईही रडल्या. कुसाबाई मीठ जास्त झालं असं एकदाही म्हणाली नाही.

दुसरं गाणं सुरू झालं आणि मध्येच आवाज बुडाला.

"पाणी!" बायका ओरडल्या.

"धार चालू आहे!" परसातून रावसाहेब ओरडले. "माझ्याकडून काही कमी नाही! वरचा माणूस बघा!"

सगळ्यांनी खिडकीतून वर पाहिलं. वरचा माणूस फांदीवर पालथा पडून, मान लांब करून खिडकीकडे वाकला होता. त्यामुळे सुतळी सैल पडली होती आणि तार लोंबत होती.

"जमील! ताण!" गुलजारबी खुर्चीतून न उठता ओरडली.

जमील दचकून ताठ झाला, सुतळी ताणली, सलिमा परत आली. पण ताठ बसलं की लिंबाच्या पानांत आणि चिमण्यांच्या कलकलाटात त्याला खालचं ऐकू येईना. थोड्या वेळाने तो पुन्हा इंचभर वाकला. सलिमा पुन्हा बुडाली. पुन्हा ओरडा झाला. तिसऱ्यांदा मात्र तो वाकला नाही. आपण ऐकलं तर खाली कुणालाच ऐकू येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. गाणं संपेपर्यंत तो दात-ओठ खाऊन सुतळी ताणून बसला, डोळे मिटून.

"खंडेराव!" मोरीवरून हाक आली. "दिल्लीचं भाषण होतं ना?"

खंडेराव मागच्या दारात आले. रावसाहेबांचा हार भिजून पोटाला चिकटला होता, गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि तोंडावर एखाद्या पोरासारखा आनंद होता.

"होय, रावसाहेब. हे… सुरुवातीचं गाणं असावं."

"उत्तम आहे. भाषण सावकाश होऊ द्या. नाही झालं तरी चालेल." रावसाहेबांनी तांब्या पुन्हा बुडवला. "कार्यक्रम फार चांगला ठेवलात हो. मला आजवर कुठल्याच समारंभात कुणी काही काम दिलं नव्हतं."

ढोलक थांबली. मुंबईचा माणूस दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागला, तेव्हा गुलजारबी खुर्चीवरून उठली, चिमणाबाईंचा हात धरून क्षणभर उभी राहिली आणि परसात आली. तिने रावसाहेबांच्या हातातून तांब्या घेतला. "शब्द पाळलात, साहेब," ती म्हणाली. हे बोलताना तिने खंडेरावांकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

मग तिने कुसाबाईकडून शिडी आणून लिंबाला लावली. जमील उतरला. हाताला सुतळीचे वळ उठले होते. तो बराच वेळ पायात चपला घालत राहिला.

"कशी गायली?" गुलजारबीने विचारलं.

"मला काय माहीत." जमील मान वर न करता म्हणाला. "दुसरं गाणं वरून धड ऐकूच आलं नाही."

"हं."

"परत कधी आहे?"

गुलजारबीने दोरीवर टाकलेल्या ओढणीची गाठ सोडली, चिनीमातीची गोटी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"असेल तेव्हा असेल. तेव्हा तू आत बस, खुर्चीवर," ती म्हणाली. "झाडावर खंडेरावभाऊ बसतील."

खंडेरावांनी रावसाहेबांची काठी बगलेत धरली, टोपी मागे सरकवली आणि पहिली फांदी जमिनीपासून किती उंच आहे ते एकदा नीट पाहून घेतलं.